माजघर नावाची ड्राइव्ह

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते गिऱ्हाइकाचं नाव आणि ब्लाऊजचं माप, तेही इथे जयपुरात हिंदीतून. तेव्हा चुकलं असेल ते पोटात घाला. हे मी कुणाला म्हणते आहे कोण जाणे, कारण हे कुणाला दाखवायचं नाहीच आहे. पण माफी मागितल्याशिवाय मला कुठे पाऊल ठेवता येत नाही, कागदावरही नाही.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले. नवऱ्याचा धंदा गलाईचा, म्हणजे सराफांचं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देण्याचा. आमच्या भागातली कितीतरी घरं या धंद्यापायी मुलूखभर पांगली. आमच्या वाट्याला जयपूर आलं. लग्न होऊन इथे आले तेव्हा हिंदी येत नव्हती म्हणून गप्प राहायचे. पुढे हिंदी आली, पण गप्प राहायची सवय गेली नाही.

सीकर रोडच्या आतल्या बाजूला आमचं लहानसं घर आहे. वरची खोली आम्ही भाड्याने देतो. एक दिवस एक मुलगी खोली बघायला आली आणि दारात उभी राहून नवऱ्याशी हिंदीत भाडं ठरवत होती. आत माझ्या हातून डबा पडला, पीठ सांडलं, आणि मी ‘अगं बाई’ म्हणाले. ती एकदम थांबली. ‘काकू, मराठी का तुम्ही?’ भाड्याची घासाघीस तिथेच संपली. ती लातूरकडची, एका कंपनीत कम्प्युटरचं काम करायची. माझ्याशी ती बोलायची म्हणण्यापेक्षा माझ्या वाटचंही तीच बोलायची. मला ते बरं वाटायचं.

मी तेव्हा फॉल-पिको आणि हाताचं भरतकाम करायचे. इकडच्या बायका लग्नाकार्यात पोशाक घालतात, म्हणजे घागरा, कांचळी, कुर्ती आणि भरजरी ओढणी. त्यावरच्या बुट्ट्या आता मशीनवर होतात, हाताच्या कामाला कोण विचारतो. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातला एक कारखाना आपली जुनी, कम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशीन काढून टाकत होता. मी ती बघून आले आणि घरी काही बोलले नाही. वरच्या खोलीतल्या मुलीनेच माझ्या तोंडून काढून घेतलं.

‘पैसे माझ्याकडे आहेत काकू. पुण्याच्या कोर्ससाठी ठेवलेत. फी डिसेंबरात भरायची आहे. तोपर्यंत नुसते पडून आहेत, तुम्ही वापरा.’

नवरा म्हणाला, ‘भाडेकरूकडून पैसे घेतात होय? उलटी गंगा.’

‘काका, व्याजाच्या ऐवजी दर रविवारी पिठलं-भाकरी,’ ती म्हणाली. तो हसला, आणि मशीन घरात आली. तो कोर्स दोन वर्षांचा होता. तो झाला की तिला जे काम मिळणार होतं, त्याबद्दल ती जिन्यात बसून तासन्‌तास बोलायची. डिसेंबर हा शब्द तेव्हापासून माझ्या पोटात बसला.

मशीनला डिझाइन पेनड्राइव्हमधून द्यावं लागतं. ते बनवायचा प्रोग्राम मशीनबरोबर आला होता आणि तो विंडोजवरच चालायचा. मुलीकडे एक जुना कम्प्युटर होता. त्यात तिच्या कामाचं लिनक्स होतं, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी यंत्रणा. तिने तो खाली माझ्या खोलीत आणला आणि त्यातच माझ्यासाठी विंडोज बसवलं. मला समजावं म्हणून म्हणाली, ‘काकू, हे एक घर आहे. दोन बिऱ्हाडं. सुरू केलं की काळ्या पडद्यावर विचारेल, कुठल्या दारानं जायचं? वरची ओळ माझी, खालची तुमची. एका वेळी एकच बिऱ्हाड जागं राहतं. आणि मधे हे दोघींचं.’ मधली ती ड्राइव्ह दोन्हीकडून उघडायची. तिने तिला ‘माजघर’ नाव दिलं, मराठी अक्षरांत. मला ते वाचता आलं याचा मला काय आनंद झाला होता.

आमचं काम असं चालायचं. रविवारी सकाळी गच्ची धुऊन मी रांगोळी काढायची. मला रांगोळी येते, तेवढं एक येतं. कासव, गोपद्म, शंख, तुळशीवृंदावन, केळीचे खांब. ती वरून फोटो घ्यायची, आपल्या बिऱ्हाडात बसून फोटोवरून एकेक रेघ ओढायची आणि चित्र माजघरात ठेवायची. आठवडाभर मी माझ्या बाजूने ती चित्रं उघडून टाके भरायची, रंग ठरवायची. ती ऑफिसात असायची, मी घरी. कासवाच्या पाठीवर मी जाळीचा टाका घातला की संध्याकाळी ती बघून म्हणायची, ‘काकू, हे तर चालायला लागलं.’

जयपूरजवळच्या चौमूंचा एक पोशाकवाला व्यापारी मला अधूनमधून काम द्यायचा. त्याने एका ओढणीच्या काठावर गोपद्मांची ओळ बघितली.

‘ये खुर किसके हैं, भाभीजी?’

‘गाय के,’ मी कसंबसं म्हणाले.

‘गाय के? फिर तो बढ़िया. भैंस के होते तो दिक्कत थी.’ स्वतःच हसला. मग त्याने असा माल आणखी मागितला. प्रत्येक पोशाकाला वेगळी बुट्टी, सगळ्या याच धर्तीच्या, आणि पहिली खेप देवउठनीच्या आधी, कारण त्या एकादशीपासून इकडे लग्नं सुरू होतात. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी घरी आले आणि पहिला हिशेब केला तो तिच्या फीचा. खेप वेळेवर गेली की डिसेंबरच्या आत तिचे सगळे पैसे देऊन होणार होते.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती.

काम झालं की कम्प्युटर पूर्ण बंद करायचा, कुठे दाबायचं, हे तिने मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. मी मान डोलावली होती. पण आमच्याकडे पोटापाण्याची वस्तू बंद करत नाहीत. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. नवी नवरी असताना मी एकदा संध्याकाळी ‘भट्टी बंद झाली का?’ असं विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘बंद व्हायला काय झालंय? जिभेला काही हाड?’ नेमकं त्या महिन्यात काम कमी आलं, आणि ते माझ्या खात्यावर पडलं. तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडी येत नाही आणि ते काम माझ्या हातून होत नाही. त्या ‘बंद करा’च्या वर चंद्राचं चित्र होतं. ते दाबलं की पडदा शांत व्हायचा. मला ते आवडलं. दिवसभर राबलेल्या वस्तूला झोपवावं, इतकं साधं. शिवाय दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे उघडं मिळायचं. मला नावं वाचत फायली शोधायला वेळ लागतो, तो त्रास वाचायचा. मग मी भिंतीवरचं बटण बंद करायची, कारण नवऱ्याला शॉर्टसर्किटची भीती. भिंतीवरचं बटण बंद करताना मला काही वाटायचं नाही. ते विजेचं होतं, कामाचं नव्हतं.

तिच्या बाजूला मात्र कधीकधी माजघर रुसायचं. ‘बघू देतंय, पण ठेवू देत नाही,’ ती म्हणायची. ‘काकू, तुमचं विंडोज माझ्यावर का जळतं?’ मग ती माझ्या बिऱ्हाडात जायची, तिथून काहीतरी करून परत यायची, आणि माजघर उघडायचं. मी चहा ठेवायला जायची. एकदा वाटलं होतं विचारावं, मी काही चुकीचं करते का. पण विचारलं तर तिला समजवावं लागणार, मला नाही समजणार, आणि मग ती पुन्हा समजवणार. ते नको वाटलं.

दिवाळीला ती गावी जाणार होती. जायच्या दिवशी सकाळी ती खाली आली. खांद्याला पिशवी, बाहेर रिक्षावाला उभा. वर्षभराच्या बुट्ट्या, माझे टाके, रंग, सगळं एकेका पोशाकाच्या नावाने लावून द्यायचं राहिलं होतं. माझ्याने ते झालं नसतं. माजघर पुन्हा रुसलं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. ‘आज नाही हं लाड,’ ती पडद्याला म्हणाली आणि काळ्या चौकोनात काहीतरी लिहिलं. माजघर उघडलं. तिने भराभरा सगळं हलवलं, लावलं. ‘काकू, झालं. आता पहिल्या नावापासून सुरू करा आणि शेवटपर्यंत जा.’ मी तिच्या हातात चकल्यांचा डबा दिला. ती पाया पडली आणि गेली.

दुपारी मी माझं बिऱ्हाड उघडलं. आदल्या संध्याकाळी झोपवलं होतं तसंच ते जागं झालं, कासव उघडंच होतं. मी रंग बदलला, साठवलं. तिने लावलेली नवी नावं काही दिसेनात. मला वाटलं, मलाच दिसत नाहीत. जुन्या नावांवर दाबलं तर उघडेनात. मी पुन्हा झोपवलं, पुन्हा उठवलं. मग सुरू होताना पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली, बराच वेळ, आकडे पुढे सरकत होते. मी हात जोडून बसले. ते थांबलं तेव्हा माजघरात एकच पाकीट, म्हणजे फोल्डर, होतं, आणि त्यात नुसते आकडे घातलेल्या फायली. एकही चित्र उघडेना.

तिला लगेच फोन करायला हवा होता. पण दिवाळी होती. घरी जाऊन एक दिवस झाला नव्हता. पोरीचा सण कशाला नासवायचा म्हणून मी केला नाही. ती येईपर्यंत रोज सकाळी चालू करून बघायची, जणू देवाला दया येईल. रोज ती पांढरी अक्षरं धावायची. त्यातही काही गेलं असेल, हे मला नंतर कळलं.

ती आली. खांद्यावरची पिशवी न काढताच कम्प्युटरसमोर बसली. एकेक फाइल उघडून बघत राहिली. मग मान वळवून म्हणाली, ‘काकू, आदल्या दिवशी तुम्ही काम झाल्यावर...’ आणि थांबली.

‘काय गं?’

‘काही नाही. माझ्याकडून झालं. मी जबरदस्तीनं उघडायला नको होतं.’

नवरा दारात उभा होता. ‘एका म्यानात दोन तलवारी राहतात होय? सरळ चालणाऱ्या वस्तूत दोन-दोन यंत्रणा घालायला सांगितल्या कुणी? तुमचा खेळ होतो, आणि हिचं वर्ष गेलं.’

तिने खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली. मी दूध उतू जाईल म्हणून आत गेले. गॅसवर दूध होतं, हे खरं आहे. पण ते उतू जात नव्हतं.

पेनड्राइव्हमध्ये आधी उतरवलेली दोनच डिझाइनं वाचली होती, कासव आणि गोपद्म. तिच्या फोनमध्ये काही रांगोळ्यांचे फोटो होते. त्यावरून पुन्हा रेघा ओढायला ती रोज ऑफिसातून येऊन बसायची, पण टाके मी भरणार कधी आणि मशीन चालवणार कधी. मी ती दोन घेऊनच चौमूंला गेले. व्यापाऱ्याने नमुने उलटेपालटे केले.

‘भाभीजी, कछुए और खुर से सारे पोशाक थोड़े ही भरेंगे? ब्याव-शादी रुकती नहीं किसी के लिए.’ वाईट बोलला नाही. चहा पाजला. काम मात्र सुरतेहून आलेल्या मालाला गेलं.

डिसेंबर आला. माझ्याकडे जे होतं ते मी रुमालात बांधून वर नेलं. फीच्या मानाने ते काहीच नव्हतं. तिने मोजलं नाही. ‘पुढच्या वर्षी बघू की काकू. कोर्स कुठे पळतोय.’ तिची शेवटची तारीख येऊन गेली त्या दिवशी ती नेहमीसारखी ऑफिसला गेली, संध्याकाळी नेहमीसारखी आली, आणि जिन्यात बसली नाही.

मीही तिला हाक मारली नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात तेव्हा तिच्याविषयी राग होता. वाटायचं, एवढं शिकलेली, आणि घाईत माझ्या वर्षभराच्या कामावर पाणी ओतून गेली. बोलले काहीच नाही. पण रविवारी पिठलं-भाकरी करेनाशी झाले. तिला ते समजलं असणार. उन्हाळ्याच्या आधी तिने गोपालपुऱ्याला मुलींच्या हॉस्टेलात जागा घेतली. ऑफिसला जवळ पडतं म्हणाली. कम्प्युटर माझ्याकडेच ठेवून गेली. ‘मशीनला लागेल. लिनक्स कुणाला तरी सांगून काढून टाका, मग त्रास नाही होणार.’ पुढच्या वर्षी ती कोर्सला गेली नाही. घरच्यांनी लग्न ठरवलं होतं. मला पत्रिका आली. नवऱ्याचा दमा वाढला होता, आम्ही गेलो नाही.

पुढे दोनेक वर्षांनी कम्प्युटर फार हळू चालू लागला म्हणून मी तो एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने सहज विचारलं, ‘बंद कैसे करती हो, आंटीजी?’ मी चंद्र दाखवला.

‘अरे, ये तो सोता है, बंद कहाँ होता है. और इसमें तो दूसरा सिस्टम भी है. फ़ाइलें नहीं उड़ीं कभी?’

मी त्याच्या स्टुलावर बसले. त्याने पाणी दिलं. फायली का उडाव्यात, हे मी त्याला विचारलं नाही.

तिला फोन करायला मला बरेच दिवस लागले. शेवटी केला. आधी तब्येत विचारली, सासर विचारलं, मग म्हटलं, ‘मी कम्प्युटर झोपवायचे गं. बंद नाही करायचे.’

‘माहितीये काकू.’

‘कधीपासून?’

‘आले त्याच दिवशी कळलं. सोपं होतं ते. तुमचं विंडोज झोपताना माजघर जसं होतं तसं डोक्यात घेऊन झोपलं. मधे मी सगळं हलवलं. उठल्यावर त्यानं त्याच्या आठवणीप्रमाणे लिहायला सुरुवात केली, माझ्या मांडणीवर. दोघांचं एकमेकांत गुंतलं.’

‘मग बोलली का नाहीस? काका एवढं बोलले तुला.’

‘बोलले असते तर तुम्ही परत कम्प्युटरला हात लावला नसता.’

हे तिचं खरं होतं. मी लावला नसता. मशीनसुद्धा विकून टाकली असती.

‘आणि मी तरी कुठे विचारलं?’ ती पुढे म्हणाली. ‘माजघर इतक्यांदा रुसलं, मी एकदा तुमच्या शेजारी बसून बघायला हवं होतं, संध्याकाळी काय करता ते. मला वाटलं, बंद करायला कुणाला येत नाही?’

मला तिला सासूबाईंचं, भट्टीचं, सगळं सांगायचं होतं. मी एवढंच म्हणाले, ‘तू जिन्यात बसायचीस ते आवडायचं मला.’ ती म्हणाली, ‘हो काकू.’ मग तिचं बाळ उठलं.

मशीन मी चालू ठेवली. शाळांच्या गणवेशावरची नावं, बँडवाल्यांच्या कोटावरची फुलं, जे मिळेल ते केलं. रांगोळीच्या बुट्ट्या पुन्हा केल्या नाहीत. रेघा ओढणारं कुणी नव्हतं, आणि कुणी मिळालं असतं तरी मी गच्ची धुतली असती असं वाटत नाही. तिचे पैसे थोडे थोडे करून पाठवत राहिले. आधी शेजारणीच्या मुलाकडून, मग फोनवरून स्वतः करायला शिकले. दर वेळी ती ‘मिळाले’ एवढं लिहायची, कधी बाळाचा फोटो. एक वर्ष नवऱ्याच्या दवाखान्यामुळे काहीच पाठवता आलं नाही. तिने विचारलं नाही.

परवा गणवेशांचं बिल मिळालं. नवरा म्हणाला, ‘आधी तिचे टाक. उरतील त्यात बघू.’ मी तिचे टाकले आणि फोन केला.

‘झाले गं सगळे.’

‘काकू, कशाला मोजत बसलात एवढं?’

‘मोजावे लागतात.’

मागे कुकरची शिट्टी झाली, तिला गडबड होती. मला म्हणायचं होतं की तू तो कोर्स केला असतास तर आज कुठे असतीस. म्हणायचं होतं की त्या दिवशी दूध उतू जात नव्हतं. मी म्हटलं, ‘पोरगं जेवतं का नीट?’ ती म्हणाली, ‘हो, जेवतं.’ थोड्या वेळाने तिचा संदेश आला, ‘मिळाले, काकू. पूर्ण झाले.’ तो मी नवऱ्याला वाचून दाखवला. आता तिचं आमच्याकडे काही येणं राहिलेलं नाही.